अकरा महिन्यांचा करार

कागदावर लिहिलंय : सहायक प्रशिक्षक, गोलरक्षण.
मुदत अकरा महिने.
भाड्याच्या खोलीचा करारही एवढ्याच दिवसांचा असतो,
बायको म्हणाली,
आणि कागद तांदळाच्या डब्यात ठेवला.

मी लाईन बझारचा.
आमच्याकडं पोर चालायला लागलं की हातात स्टिक देतात,
पळता येत नसेल त्याला गोलात उभं करतात.
मला गोलात उभं केलं.

बाकीचं गाव फुटबॉलचं.
पेठापेठांत झेंडे, फटाके, वेळ आली तर दगड.
आमच्या मॅचला चार म्हातारी माणसं आणि एक कुत्रं.
कुत्रंही हाफटाइमला उठून जायचं.

पॅड माझ्याआधी तिघांनी घातलेले.
चप्पल लाईनच्या व्हटकर बापूंनी
नव्या वाद्या लावून शिवून दिले,
वर म्हणाले, कोल्हापूरचं कातडं आहे, करकरणारच.
करकरलं.
मी कुठल्या बाजूला कलतोय
हे समोरच्या फॉरवर्डला आधी ऐकू यायचं.

नऊ वर्षं संघात. मॅचेस सतरा.
पहिला गोलकीपर सलीम नदाफ,
त्याला कधी ताप यायचा नाही.
मी बाकावर बसून त्याच्या तापाची वाट बघायचो.
(हे त्याला सांगितलंय. म्हणाला, मला माहीत होतं लगा,
म्हणून तर मी आजारी पडलो नाही.)

बाकावर माणूस दुसरं काय करणार.
बघत राहिलो.
कोण दमलं की डाव्या खांद्यातनं वाकतं,
कुणाचा पास आधी डोळ्यांत येतो, मग मनगटात.
उद्यमनगरात दुसऱ्या पाळीला लेथ फिरायचा
आणि मी तीच मॅच पुन्हा लावून बघायचो,
एक सूत इकडं, एक सूत तिकडं.

बत्तिसाव्या वर्षी कुणी काढलं नाही मला.
नुसती यादी लागली.

मग दाऊद मास्तरांचा घसा बसला.
शिट्टी माझ्याकडं देऊन खुणेनंच म्हणाले, दोन दिवस.
सहा वर्षं झाली.
पगार गूळ-शेंगदाणे, तेही पोरांच्या वाट्याचे.

पतसंस्थेचं कर्ज काढून पतियाळाला गेलो.
तिथं कळलं,
मी बाकावरनं जे बघत होतो त्या सगळ्याला नावं आहेत,
आणि ती इंग्रजीत आहेत.
तोंडी परीक्षेला साहेब म्हणाले, हिंदीत बोला.
माझी हिंदीपण कोल्हापूरचीच.
ते हसले, पण पास केलं.

श्रावस्ती कांबळे, वडणग्याची, उंचीनं कमी,
बॉल आला की डोळे मिटायची.
घाबरू नको असं मी म्हटलं नाही.
म्हटलं, घाबर की,
पण डोळे उघडे ठेवून घाबर.
गेल्या साली ती राज्याच्या संघात गेली
आणि कुणीतरी विचारलं, हिला शिकवलं कुणी?
तर असा आला हा कागद.

काल पहिला सराव सामना, आमच्याच टर्फवर.
खेळायच्या आधी टर्फला पाणी मारतात आता,
आमच्या मुरुमानं नुसती कातडी मागितली.
स्टँडात सलीम. म्हातारी दोनच उरलीत.
कुत्र्याला गेटवरच अडवतात.

पेनल्टी कॉर्नर आमच्यावर.
गोलात तेवीस वर्षांचा पोरगा,
मी बाकावर, मांडीवर वही.
बॉल सुटला
आणि माझा डावा पाय बाकाखालनं आपोआप सरकला,
फिजिओची पाण्याची बाटली कलंडली.
करकर कुठंच झाली नाही.

पोरानं अडवला. उजवीकडं जाऊन.

पाणी बुटात शिरत होतं.
मी वहीत मिनिट टाकलं,
आणि पुढं लिहिलं :
तो बरोबर. मी चुकलो.